एअर फोर्स रिझर्व्हची स्पेशल ऑपरेशन्स विंग: काम काय, रचना कशी, आणि नोकरी सांभाळून जाणाऱ्याने काय बघावं

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगा डॅलसला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, अमेरिकेचा नागरिक झालाय, आणि आता नोकरी सांभाळून फ्लोरिडातल्या एअर फोर्स रिझर्व्हच्या स्पेशल ऑपरेशन्स विंगमध्ये भरती व्हायचं म्हणतोय. महिन्यातून दोन दिवस जाऊन माणूस कमांडो कसा होतो? ही विंग नेमकं करते काय? आणि त्याला लढाईवर पाठवतील का?

ताई, मी अमेरिकी हवाई दलाच्या रिझर्व्हमध्ये विमानांच्या देखभालीत बरीच वर्षं काढली, त्यातली बहुतेक सी-१३० जातीच्या मालवाहू विमानांवर. सुरुवातीला नोकरी सांभाळून जायचो, पुढे पूर्णवेळ तंत्रज्ञ झालो. इथे सांगतोय ते सगळं सार्वजनिक माहितीतलं आणि हँगरमध्ये उभं राहून समजलेलं आहे. कॉकपिटमधल्यांच्या वतीने मी बोलत नाही.

तुमचे प्रश्न तीन दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे. तुम्ही आणि तुमचा मुलगा, दोघंही युनिटचं नाव बघताय. नाव ऐकून तुमच्या छातीत धडकी भरते आणि त्याच्या अंगावर रोमांच येतात. पण त्या नावाखाली वैमानिक असतात, इंजिन खोलणारे असतात, पगारपत्रक करणारे असतात, फाटकावर पहारा देणारे असतात. त्याचं आयुष्य कसं जाईल हे त्याला मिळणारं काम आणि त्याच्या नेमणुकीचा प्रकार, या दोन गोष्टी ठरवतील.

तो म्हणतोय ती विंग ९१९ वी स्पेशल ऑपरेशन्स विंग असणार. एअर फोर्स रिझर्व्हमध्ये स्पेशल ऑपरेशन्सची विंग एवढी एकच आहे. तिचा तळ ड्यूक फील्ड, फ्लोरिडाच्या वायव्य टोकाला, एग्लिन या अवाढव्य तळाच्या हद्दीत, क्रेस्टव्ह्यू गावाच्या दक्षिणेला.

ही कमांडोंची विंग नाही, विमानांची आहे. कमांडो बहुतेक वेळा लष्कराचे किंवा नौदलाचे असतात. त्यांना रात्रीच्या अंधारात, रडारच्या नजरेखालून, दिवे मालवून, कधी कच्च्या धावपट्टीवर उतरवायचं आणि काम झालं की परत आणायचं. त्यांच्या हेलिकॉप्टरांना हवेतच इंधन द्यायचं. ते खाली असताना वरून नजर ठेवायची, गरज पडली तर वरून मारा करायचा. अशी ही कामं. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर भारतीय हवाई दलाचे गरुड कमांडो वेगळे आणि हिंडनची ७७ स्क्वाड्रन वेगळी. ती स्क्वाड्रन सी-१३०जे विमानं उडवते आणि विशेष मोहिमांचं उड्डाण हे तिचं काम. ड्यूक फील्डची जातकुळी या दुसऱ्या प्रकारातली. फरक इतकाच की हिंडनची माणसं पूर्णवेळ सैनिक आहेत आणि ड्यूक फील्डची बरीचशी माणसं सोमवारी सकाळी दुसऱ्याच कुठल्या तरी कामावर जातात.

तुमच्या मुलाला खरोखर जमिनीवर उतरून काम करायचं असेल, तर त्याने दार दुसरं ठोठवावं. केंटकी आणि ओरेगॉन या राज्यांच्या एअर नॅशनल गार्डमध्ये स्पेशल टॅक्टिक्स स्क्वाड्रन आहेत. रिझर्व्हमध्येच राहायचं असेल तर फ्लोरिडाच्या पॅट्रिक तळावर ९२० वी रेस्क्यू विंग आहे. तिथले पॅरारेस्क्यू जवान अडकलेल्या, जखमी माणसांना बाहेर काढतात. ती वाट शरीराची कसोटी बघणारी आहे आणि निवडीतच अनेक जण गळतात. गार्ड आणि रिझर्व्ह यांतला फरकही त्याने समजून घ्यावा. गार्डचे जवान एरवी त्यांच्या राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली असतात, पुरात किंवा वणव्यात त्यांना राज्यच बोलावतं. रिझर्व्ह मात्र थेट केंद्राचं दल आहे.

आता मुख्य कोडं. इतकं अवघड काम सुटीच्या दिवशी येणाऱ्या लोकांच्या हाती का द्यावं? याचं उत्तर मला इतिहासातच सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणून थोडा मागे जातो.

ड्यूक फील्डचं विशेष मोहिमांशी नातं या विंगच्याही आधीचं. नोव्हेंबर १९७० मध्ये उत्तर व्हिएतनाममधल्या सोन ताय कैदी छावणीवर अमेरिकेने छापा घातला, त्याची तालीम याच धावपट्टीच्या परिसरात झाली होती. पुढच्या वर्षी, जुलै १९७१ मध्ये, तिथे रिझर्व्हचा ९१९ वा ग्रुप उभा राहिला, तोही साध्या मालवाहू सी-१३०ए विमानांचा. तेव्हा त्यात विशेष काहीच नव्हतं.

१९७५ मध्ये चित्र बदललं. व्हिएतनामचं युद्ध संपलं, सैन्य आटू लागलं, आणि एसी-१३०ए गनशिपचं करायचं काय हा प्रश्न आला. गनशिप म्हणजे डाव्या कुशीला तोफा बसवलेलं मालवाहू विमान. ते लक्ष्याभोवती डावीकडे झुकून गोल घिरट्या घालतं, त्यामुळे तोफांची तोंडं सतत त्याच जागेवर रोखलेली राहतात. दिसायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात वैमानिक, फायर कंट्रोल अधिकारी, सेन्सरवर बसलेले, तोफा भरणारे गनर या सगळ्यांचा ताल एक झाला तरच गोळा हवा तिथे पडतो, आणि खाली आपलीच माणसं काही मीटरवर असतात. हा ताल जमायला वर्षं लागतात. एकदा ही माणसं घरी गेली की तो पुन्हा शून्यातून बसवावा लागतो.

त्याच सुमाराला अमेरिकेचं संरक्षण खातं ‘टोटल फोर्स’ धोरणाकडे वळलं होतं: १९७० मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांनी त्याची दिशा दिली, १९७३ मध्ये ते अधिकृत धोरण झालं. रिझर्व्ह आणि गार्ड यांना युद्धकाळातली शेवटची भरती न मानता पहिल्या फळीशी जोडायचं, असा त्याचा आशय. त्यातून गनशिप ड्यूक फील्डला आल्या आणि ७११ वी स्क्वाड्रन त्या उडवू लागली. नियमित दलातून बाहेर पडणाऱ्या, पण गणवेश पूर्ण सोडायची इच्छा नसलेल्या अनुभवी माणसांना तिथे जागा मिळाली. माझ्या मते विंगचा खरा जन्म तिथे झाला. रिझर्व्हमुळे सैन्याला ज्यादा डोकी मिळतात, हे अर्धच सत्य. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लाखो डॉलर खर्चून कमावलेलं कौशल्य वाया न जाता जिवंत राहतं.

त्याचा हिशेब पुढे दोनदा चुकता झाला. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेने पनामावर कारवाई केली तेव्हा ९१९ च्या गनशिप आपल्या पाळीनुसार तिथे आधीच हजर होत्या आणि पहिल्या रात्रीपासून कामाला लागल्या. मग १९९१ चं आखाती युद्ध. ग्रुपला सक्रिय सेवेत बोलावून घेतलं गेलं. २६ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री कुवेतहून बसऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इराकी सैन्याच्या मागे जी विमानं पाठवली गेली, त्यांत ‘अझ्राएल’ नावाची गनशिप होती आणि ती उडवत होते रिझर्व्हमधून बोलावलेले लोक. अझ्राएल आता ओहायोत डेटनच्या राष्ट्रीय हवाई दल संग्रहालयात आहे. तिची बहीण ‘फर्स्ट लेडी’, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेलं सगळ्यात पहिलं सी-१३०, एग्लिनच्याच शस्त्र संग्रहालयात ठेवलंय. मुलाला भेटायला फ्लोरिडाला गेलात तर जरूर बघा. १९५५ साली पहिल्यांदा उडालेलं विमान १९९५ पर्यंत लढण्याजोगं ठेवलं गेलं. देखभाल करणाऱ्या माणसाला त्यासमोर उभं राहिलं की वेगळंच भरून येतं.

गनशिप ड्यूक फील्डला होत्या त्याच काळात वरच्या पातळीवरही मोठा बदल झाला होता. एप्रिल १९८० मध्ये इराणमधल्या ओलिसांना सोडवायचा प्रयत्न वाळवंटातच फसला, आठ जण मेले. तीन-चार दलांची माणसं आणि विमानं एकत्र आली होती, पण एकत्र मुरलेली नव्हती. त्या धड्यातून १९८६ चा कायदा आला, १९८७ मध्ये टॅम्पाला सर्व दलांची मिळून स्पेशल ऑपरेशन्स कमांड स्थापन झाली, आणि मे १९९० मध्ये हवाई दलाची स्वतःची स्पेशल ऑपरेशन्स कमांड हर्लबर्ट फील्डला उभी राहिली. हर्लबर्ट हे ड्यूक फील्डचं शेजारीच. म्हणजे ही विंग तिथे असणं हा योगायोग नाही. जिच्यासाठी ती लढणार, ती कमांड गाडीने जाण्याच्या अंतरावर आहे.

१९९५ मध्ये गनशिप निवृत्त झाल्या आणि एमसी-१३०ई कॉम्बॅट टॅलन आली. ही विमानं साठच्या दशकातली. डोंगराच्या चढउताराला चिकटून, अंधारात आणि ढगात उडता यावं म्हणून त्यांच्या नाकात वेगळं रडार होतं. २०१३ च्या एप्रिलमध्ये त्यांतलं शेवटचंही निवृत्त झालं. त्यानंतर विंगने छोट्या विमानांकडे आणि दूरनियंत्रित विमानांकडे मोर्चा वळवला. विमान बदललं की वैमानिकापासून नट-बोल्ट देणाऱ्या स्टोअरकीपरपर्यंत सगळ्यांना नव्याने शिकावं लागतं. तुमच्या मुलाने हे लक्षात ठेवावं: आज जे विमान बघून तो भरती होईल, तेच त्याच्या निवृत्तीपर्यंत राहील याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

आता रचना. विंगच्या डोक्यावर दोन मालक आहेत, असं समजा. शांततेच्या काळात भरती, प्रशिक्षण, पैसा, बढत्या हे सगळं एअर फोर्स रिझर्व्ह कमांड बघते. तिचं मुख्यालय जॉर्जियातल्या रॉबिन्स तळावर आहे आणि मधल्या पातळीवर टेक्सासमधलं दहावं एअर फोर्स मुख्यालय आहे. विंगला सक्रिय सेवेत बोलावलं की तीच माणसं हर्लबर्टच्या कमांडच्या हाताखाली जातात. म्हणून दर्जा ठरवते हर्लबर्ट आणि त्या दर्जापर्यंत माणसं आणून ठेवते रॉबिन्स. रिझर्व्हचा वैमानिक म्हणून परीक्षेत सूट मिळत नाही. अंधारात दिसण्यासाठीच्या चष्म्यांवर उतरायची जी चाचणी नियमित वैमानिकाची, तीच याची.

विंगच्या आत उड्डाणाचा ग्रुप आहे, देखभालीचा आहे, आणि तळ चालवणारा मिशन सपोर्ट ग्रुप आहे. सुरक्षा, बांधकाम, दळणवळण, रसद, भरती-बदल्यांचं कार्यालय हे सगळं या तिसऱ्यात. शिवाय वैद्यकीय स्क्वाड्रन. बाहेरच्यांना फक्त उड्डाणाचा ग्रुप दिसतो, पण बहुसंख्य माणसं बाकीच्या ठिकाणी असतात. सॉफ्टवेअरवाला मुलगा दळणवळणात किंवा सायबरच्या कामात गेला, तरी त्याच्या बाहीवर चिन्ह याच विंगचं असेल.

उड्डाणाच्या बाजूला सध्या सगळ्यात वेगळी व्यवस्था आहे ती सामायिक विमानांची. इंग्रजी कागदांत तिला ‘असोसिएट’ युनिट म्हणतात. एसटीचा डेपो डोळ्यांसमोर आणा: गाडी डेपोची असते, सकाळच्या पाळीचा चालक वेगळा, रात्रीचा वेगळा, आणि प्रवाशाला त्याने काही फरक पडत नाही. तसं ड्यूक फील्डला सी-१४६ए वुल्फहाउंड विमानं नियमित दलाच्या ५२४ व्या स्क्वाड्रनसोबत रिझर्व्हची ८५९ वी स्क्वाड्रन उडवते. हे मुळात डॉर्नियर ३२८, म्हणजे बाहेरून साधं प्रवासी विमान. दोन वैमानिक आणि एक लोडमास्टर, म्हणजे सामान आणि माणसं चढवण्या-बसवण्याचं काम बघणारा, एवढाच चमू. जास्तीत जास्त २७ माणसं, किंवा चार स्ट्रेचर, किंवा तेवढ्याच प्रमाणात सामान. मोठं सी-१३० उतरलं की सगळ्या गावाला कळतं. छोटी तुकडी गाजावाजा न करता छोट्या विमानतळावर पोचवायची तर असंच विमान लागतं.

हा प्रकार १९६८ पासूनचा. पहिल्यांदा मोठ्या मालवाहू सी-१४१ विमानांवर तो वापरला गेला. उलट मांडणीही असते. २००० च्या सुमारास ड्यूक फील्डलाच कॉम्बॅट टॅलन विमानं रिझर्व्हची होती आणि नियमित दलाची ८ वी स्क्वाड्रन तिथे येऊन ती उडवत होती. दोन्ही मांडण्यांत मला फायदा एकच दिसला: नियमित दलातला पोरगा दोन-तीन वर्षांत बदली होऊन जातो, रिझर्व्हचा क्रू चीफ, म्हणजे विमानाच्या देखभालीचा प्रमुख, तिथेच पंधरा-वीस वर्षं असतो. जुन्या सी-१३० ला प्रत्येकीचा स्वभाव असतो. एखादीच्या तिसऱ्या इंजिनाचा तेलदाब थंडीत कसा वागतो, एखादीच्या मागच्या दाराचं सील दर पावसाळी हवेत का ओघळतं, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं. पहाटे तीनला उड्डाण अडलं की आम्ही पाना नंतर शोधायचो, आधी ते विमान ओळखणाऱ्या माणसाला फोन करायचो. तो माणूस बहुधा रिझर्व्हचाच असायचा.

दूरनियंत्रित एमक्यू-९ रीपर उडवणारी रिझर्व्हची २ री स्क्वाड्रन हर्लबर्टला आहे, आणि तिथल्या नियमित स्क्वाड्रनमध्ये प्रशिक्षक म्हणून मिसळलेले ९१९ चे लोकही आहेत. रीपरचा चमू जगाच्या दुसऱ्या टोकावरचं काम फ्लोरिडातल्या खोलीत बसून करतो. रिझर्व्हिस्टला हे सोयीचं वाटतं, कारण घर सोडावं लागत नाही. पण जड गोष्टही तीच आहे. आठ-दहा तास पडद्यावर युद्ध बघून अर्ध्या तासात घरी जेवायच्या टेबलावर बसायचं, मध्ये काहीच उसंत नाही. तो त्या बाजूला झुकत असेल तर हे त्याच्याशी आत्ताच बोला.

आता माणसांचे प्रकार, कारण ‘महिन्यातून दोन दिवस’ या शब्दांचा उगम इथे आहे. सगळ्यात मोठा वर्ग पारंपरिक रिझर्व्हिस्टचा. महिन्यातला एक शनिवार-रविवार, ज्याला ड्रिल म्हणतात, आणि वर्षातून साधारण दोन आठवडे. एका वीकेंडला चार-चार तासांचे चार हप्ते मोजले जातात आणि प्रत्येक हप्त्याला एका दिवसाचा मूळ पगार, म्हणजे दोन दिवसांत चार दिवसांचा पगार. दुसरा वर्ग एअर रिझर्व्ह टेक्निशियनचा. मी शेवटी ज्यात होतो तो हा. सोमवार ते शुक्रवार सरकारी नागरी कर्मचारी म्हणून त्याच हँगरमध्ये काम, आणि ड्रिलच्या वीकेंडला गणवेशात पुन्हा तेच. रिझर्व्हमधलं सदस्यत्व सुटलं तर ही नोकरीही सुटते. तिसरा वर्ग पूर्णवेळ गणवेशातल्या रिझर्व्हिस्टचा.

विंगचा कणा म्हणजे हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्गातले पूर्णवेळ लोक. ते विमानं तयार ठेवतात, प्रशिक्षणाचं वेळापत्रक जुळवतात, कुणाची कुठली पात्रता कधी संपते याच्यावर डोळा ठेवतात. म्हणून शनिवारी सकाळी एखादा बँकेतला माणूस किंवा शिक्षक आला तरी पहिल्या तासात कामाला लागू शकतो. हा पूर्णवेळ गाभा काढून घेतला तर नुसत्या वीकेंडच्या माणसांवर असं युनिट चालणं अशक्य आहे.

आणि उड्डाण करणाऱ्यांसाठी तर महिन्यातले दोन दिवस हे खरंच नाही. खाली उडणं, अंधारात उतरणं, पॅराशूटने सामान टाकणं या गोष्टी हातातून लवकर सुटतात. म्हणून त्यांना वेगळे उड्डाण-सरावाचे हप्ते मिळतात. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी ऑफिस संपवून येतात आणि मध्यरात्री घरी जातात. जवळपास राहणाऱ्याला ते जमतं. डॅलसहून दर वेळी विमान पकडून येणाऱ्याला लोडमास्टर होणं मी सुचवणार नाही. ड्रिलला येण्याजाण्याचा खर्च बहुतेक वेळा स्वतःचा असतो. ठरावीक टंचाईच्या पदांना काही भरपाई मिळते, पण ती गृहीत धरू नये. देखभाल, दळणवळण, रसद या कामांना मात्र लांबून येणारे बरेच जण मी बघितलेत.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगतो: कमांडो नाही, विमानांची विंग, पूर्णवेळ गाभ्याभोवती अनुभवी अर्धवेळ माणसं, आणि हातात कुठलं काम आहे त्यावर वेळ दोन दिवस की दहा दिवस हे ठरतं.

तुमच्या मुलाच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. तो आधी सैन्यात नव्हता. विंगला बाहेरून येणारी बरीच माणसं आधीच तयार होऊन आलेली असतात. त्याला सगळं सुरुवातीपासून करावं लागेल. सॅन अँटोनियोच्या लॅकलंड तळावर साडेसात आठवड्यांचं प्राथमिक प्रशिक्षण, मग कामानुसार काही महिने ते वर्षभर तांत्रिक शाळा. उड्डाणाच्या चमूत गेला तर शिवाय शत्रूच्या प्रदेशात अडकल्यावर तग कसा धरायचा याचं प्रशिक्षण. या काळात तो पूर्णवेळ सैनिकच असतो, कंपनीत जाता येत नाही. पहिल्यांदा भरती होणाऱ्याचं एकूण बंधन ८ वर्षांचं असतं. त्यातली किती वर्षं ड्रिलला यायचं आणि किती फक्त यादीत राहायचं हे करारात लिहिलेलं असतं. तो आकडा सही करण्याआधी वाचायचा.

आता तुमचा तिसरा, आईचा प्रश्न. हो, पाठवू शकतात. राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली तर रिझर्व्हिस्टला सलग २४ महिन्यांपर्यंत बोलावता येतं. सप्टेंबर २००१ नंतर तेच झालं आणि ड्यूक फील्डची माणसंही गेली. शिवाय आणीबाणी नसतानाही कमी मुदतीची बोलावणी असतात. स्पेशल ऑपरेशन्सच्या युनिटना मागणी सतत असते, त्यामुळे इथे पाळी येण्याची शक्यता एखाद्या साध्या युनिटपेक्षा जास्त धरून चालावं. बरीचशी तैनाती स्वेच्छेने, महिनाभर ते चार महिने अशी वाटून घेतली जाते, कारण एकाच नोकरदाराला वर्षभर उचलण्यापेक्षा चौघांनी वाटून घेणं सगळ्यांना परवडतं. धोका किती, हे कामावर आणि त्या वेळच्या जगावर अवलंबून. मी तुम्हाला शून्य म्हणणार नाही.

नोकरीचं मात्र बऱ्यापैकी संरक्षण आहे. १९९४ च्या एका केंद्रीय कायद्याने, यूसेरा म्हणतात त्याला, सैन्यसेवेसाठी गेलेल्या कर्मचाऱ्याला परत घेणं मालकाला बंधनकारक आहे. नुसतं परत नाही; तो गेलाच नसता तर ज्या पदापर्यंत पोचला असता, त्या पदावर. एका मालकाकडे एकूण पाच वर्षांपर्यंत हे संरक्षण चालतं, आणि सक्तीने बोलावलेला काळ त्यात सहसा धरत नाहीत. त्याच्या बाजूने अटी अशा: शक्यतो आधी कळवायचं, आणि वेळेत परतायचं. सेवा एक महिन्याच्या आतली असेल तर पुढच्या कामाच्या दिवशीच हजर. सहा महिन्यांपर्यंत असेल तर १४ दिवसांत अर्ज. त्याहून मोठी असेल तर ९० दिवसांत. गैरहजेरीतला पगार द्यायची सक्ती कायदा करत नाही. काही मोठ्या कंपन्या फरकाची रक्कम देतात, काही देत नाहीत. त्याने आपल्या कंपनीचं धोरण आत्ताच एचआरकडून लेखी मागून घ्यावं. कायदा चांगला असला तरी मॅनेजरचा चेहरा कायद्याने बदलत नाही, हे मी माझ्याबरोबरच्या अनेक मुलांच्या बाबतीत बघितलंय. छोट्या कंपनीत, जिथे एका माणसाच्या जाण्याने काम अडतं, तिथे ताण जास्त.

पेन्शन मिळते, पण सहसा वयाच्या साठीला, आणि त्यासाठी २० वर्षं दरवर्षी किमान गुण मिळवावे लागतात. सक्रिय सेवेवर गेल्यास ते वय थोडं खाली येतं. फक्त पेन्शनसाठी कुणी यात पडू नये.

राहिल्या दोन गोष्टी, आणि त्या खास आपल्या घरांच्या. या विंगमधल्या बऱ्याच कामांना सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहिती हाताळायची परवानगी, लागतो आणि त्याला अमेरिकेचं नागरिकत्व हवं; ते त्याच्याकडे आहे. पण एसएफ-८६ नावाचा लांबलचक फॉर्म भरताना परदेशातल्या नातेवाइकांची माहिती द्यावी लागते. तुमचं नाव, नाशिकचा पत्ता, तुमचं कामधंद्याचं स्वरूप, त्याचं भारतातलं बँक खातं, तुमच्या नावावरची जमीन त्याला मिळणार असेल तर तेही. यात घाबरण्यासारखं काही नाही. भारतात आई-वडील असल्याने अर्ज आपोआप नाकारला जात नाही. लपवल्याने मात्र नक्की अडतो. वेळ जास्त लागू शकतो. तुम्ही सगळ्या नातेवाइकांच्या जन्मतारखा आणि पत्ते आत्ताच एका वहीत लिहून ठेवलेत, तर त्याचे काही आठवडे वाचतील.

दुसरी गोष्ट ओसीआय कार्डाची, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणाऱ्या कार्डाची, आणि ती अनेकांना उशिरा कळते. भारताच्या गृह मंत्रालयाच्या नियमांनुसार परदेशी सैन्यातले, सेवेत असलेले किंवा निवृत्त, ओसीआयसाठी पात्र नसतात. तुमच्या मुलाकडे कार्ड असेल किंवा तो काढणार असेल, तर रिझर्व्हमध्ये सही करण्याआधी त्याने ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडून आपल्या बाबतीत काय लागू होतं ते लेखी विचारून घ्यावं. घरी यायला दर वेळी व्हिसा लागणं, भारतातल्या घराचे व्यवहार, तुमच्या आजारपणात तातडीने निघणं, या सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. शिवाय क्लिअरन्स असलेल्याला परदेश प्रवास आधी कळवावा लागतो. दोन्ही बाजू धरून हिशेब करा.

त्याने आता काय करावं? डॅलसच्या शेजारी फोर्ट वर्थला रिझर्व्हची ३०१ वी फायटर विंग आहे. तिचं काम लढाऊ विमानांचं, स्पेशल ऑपरेशन्सचं नाही, पण रिझर्व्हमधलं आयुष्य कसं असतं हे बघायला फ्लोरिडापर्यंत जायची गरज नाही. तिथल्या ड्रिलला येणाऱ्या, नोकरी करणाऱ्या एक-दोघांशी तासभर बोलावं. मग ड्यूक फील्डच्या रिक्रूटरला फोन करावा आणि युनिटबद्दल नव्हे, जागेबद्दल विचारावं: रिकामी जागा कुठल्या कामाची आहे, प्रशिक्षण किती महिन्यांचं, गेल्या दोन-तीन वर्षांत त्या कामातली माणसं किती वेळा आणि किती काळ बाहेर गेली, आणि डॅलसहून येणाऱ्याला ते युनिट घेतं का. रिक्रूटरने तोंडी दिलेलं कुठलंही आश्वासन करारात आलेलं नसेल तर ते धरू नये.

ही उत्तरं हातात आली की त्याला इथे लिहायला सांगा, ताई. कामाचा कोड आणि प्रशिक्षणाचा काळ कळला तर त्या जागेवरचा आठवडा कसा जातो हे मी बऱ्यापैकी नेमकं सांगू शकेन.